विश्लेषण : शाळा सोडून देशाची सफर… घरशिक्षण घेणाऱ्या मुलांचा ‘रस्त्यावरचा वर्ग’ कायद्यात बसतो का?

आई, वडील, दोन मुले, गाडीत मागे पुस्तकांची पेटी आणि पुढे दोन-तीन महिन्यांचा रस्ता. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी आणि वर्षातला काही काळ त्यांना घेऊन देशभर फिरणारी कुटुंबे आता मोबाइलच्या पडद्यावर वरचेवर दिसतात. किल्ल्यावर इतिहास, नदीकाठी भूगोल, ढाब्यावर हिशेब. पाहणाऱ्या पालकाच्या मनात लगेच येते, ‘आपणही असे करावे का?’

हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दसरा उरकला की इथल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, गोधड्या आणि त्यावर बसलेली मुले. तीही पाच-सहा महिने रस्त्यावर आणि फडात असतात. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करणाऱ्या शिक्षकाच्या तक्त्यात मात्र ही दोन्ही मुले एकाच रकान्यात बसतात. ते का आणि त्यातून पालकांनी काय लक्षात घ्यावे?

घरशिक्षण म्हणजे नेमके काय?

मुलाला शाळेत दाखल न करता किंवा शाळेतून काढून पालकांनी स्वतः त्याच्या शिक्षणाची जबाबदारी घेणे म्हणजे घरशिक्षण, म्हणजेच होमस्कूलिंग. काही कुटुंबे शाळेचीच पाठ्यपुस्तके घरी वेळापत्रक लावून शिकवतात. काही जण अभ्यासक्रमच बाजूला ठेवतात आणि मुलाच्या कुतूहलामागे जातात. आजार, सततच्या बदल्या, खेळ किंवा संगीताचा सराव, शाळेतला वाईट अनुभव अशी कारणे वेगवेगळी असतात. प्रवास हे बहुतेकांचे मूळ कारण नसते. शाळेची घंटा नसल्यामुळे मिळालेली ती सवलत असते.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. मराठी माणसाला याचे सर्वांत ठळक उदाहरण शोधायला परदेशात जावे लागत नाही. पंडिता रमाबाई लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याचा हट्ट धरला. समाजाचा रोष झाला तेव्हा त्यांनी रानात घर केले. पुढे कर्ज झाले, घर सुटले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळात, घाटावर पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचे, पुढच्या गावी जायचे. या चालत्या घरात रमाबाईंना आईने, लक्ष्मीबाईंनी शिकवले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. ज्या काळात मुलीच्या हाती पाटी देणेही पाप मानले जाई, त्या काळात हे घडत होते.

पण या गोष्टीचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. मुलांना शास्त्रे आली, पण पोट भरायला उपयोगी पडेल असे ऐहिक शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात हे कुटुंब दक्षिणेत सापडले. वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली दोघे, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, पुढची काही वर्षे बहुतांश पायी देश तुडवत राहिली. १८७८ मध्ये ती कोलकात्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तिथे मुलींसाठी रीतसर वर्ग होते.

दुसरे उदाहरण सुखवस्तू घरातले. १८७३ मध्ये रवींद्रनाथ टागोर ११ वर्षांचे असताना वडील देवेंद्रनाथांनी त्यांना बरोबर घेऊन बोलपूर, अमृतसर आणि तिथून हिमालयातले डलहौसी असा काही महिन्यांचा प्रवास केला. वाटेत संस्कृत आणि इंग्रजीचे धडे, रात्री अंगणात बसून ताऱ्यांची ओळख. शाळेत मन न रमणाऱ्या मुलाला तो प्रवास जन्मभर पुरला. दोन्ही प्रवासांत शिकवणारा माणूस सोबत होता आणि त्याच्याकडे वेळ होता. फरक होता तो पाठीशी असलेल्या घराचा.

कायदा काय सांगतो?

इथे गोंधळ आहे आणि तो खुद्द कायद्यातच आहे. राज्यघटनेच्या ‘२१ अ’ या अनुच्छेदानुसार ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. तो अमलात आणणारा बालकांचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा असून १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातले कलम १० म्हणते, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. म्हणजे सरळ अर्थाने कायद्याच्या डोळ्यांसमोर शाळाच आहे. ‘घरशिक्षण’ हा शब्द कायद्यात नाही.

मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा अशी तरतूदही नाही. ‘सक्ती’ची व्याख्या कलम ८ मध्ये आहे आणि ती सरकारवर आहे. प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे याची जबाबदारी सरकारची. त्यामुळे घरशिक्षणाला परवानगी नाही आणि शिक्षाही नाही, अशी ही मधली जागा आहे. ‘होमस्कूलिंग पूर्ण कायदेशीर आहे’ असे छातीठोकपणे सांगणारे व्हिडीओ अर्धेच सांगतात. ‘हा गुन्हा आहे’ असे सांगणारेही तेवढेच चुकतात.

प्रत्यक्षात काय होते? महाराष्ट्रात कधीच दाखल न झालेले किंवा दाखल असूनही सलग महिनाभराहून जास्त गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य मानले जाते. त्यामुळे घरी पुस्तकांनी कपाट भरलेले असले तरी शिक्षक दारात येऊ शकतात. अशा वेळी हुज्जत न घालता मूल काय शिकते आहे ते दाखवणे शहाणपणाचे. ते शिक्षक त्यांना नेमून दिलेले कामच करत असतात.

परत शाळेत यायचे झाले तर कायदा पालकाच्या बाजूने आहे. कलम ४ नुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण मागता येते. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून कलम ५ प्रमाणे, वयाचा पुरावा नाही म्हणून कलम १४ प्रमाणे किंवा वर्ष सुरू होऊन महिने उलटले म्हणून कलम १५ प्रमाणे प्रवेश नाकारता येत नाही. ही चारही कलमे आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. नववीपासून हे संरक्षण संपते आणि तिथून प्रमाणपत्राचा प्रश्न सुरू होतो.

परीक्षा आणि प्रमाणपत्राचे काय?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणात ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहेत. दहावीच्या पातळीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक-दोनदोन विषय सोडवत जाता येते. फिरत्या कुटुंबाला ही सोय मोठी आहे.

राज्यातही महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. शिवाय राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगीरीत्या बसण्याचा जुना मार्ग आहेच. गावात त्याला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात. त्याची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते. लडाखमध्ये असताना हे आठवून उपयोग नाही.

कागद नसेल तर काय होते, हे मुंबईच्या मालविका राज जोशी हिच्या उदाहरणावरून दिसले. सातवीनंतर तिने शाळा सोडली आणि घरी शिकली. आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली. त्या जोरावर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. पण बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंदच होते. या बातमीचा पहिला भाग घरशिक्षणाची जाहिरात म्हणून फिरतो, दुसरा मागे राहतो. ऑलिंपियाडचे पदक ही सर्वसाधारण मुलाची योजना असू शकत नाही. म्हणून काहीही करा, दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राची सोय आधी बघा.

हिंगोलीतून निघायचे तर?

हिंगोली म्हटले की ‘तिथे काय आहे’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. पण अभ्यास-प्रवासाची सुरुवात करायला याच्याइतकी चांगली जागा मराठवाड्यात क्वचितच सापडेल.

कयाधूकाठचे नर्सी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. जन्म १२७० चा. तिथून औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे हे मंदिर, गाभारा खाली उतरून जायचा. इथे मुलांना एकच काम द्यावे, नंदी शोधा. इतर शिवमंदिरांत तो समोर असतो, इथे तो मागच्या बाजूला आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले, अशी कथा सांगतात. कथा, शिल्प आणि इतिहास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला सांगायला याहून चांगली संधी नाही. नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले तेही औंढ्यातच, असे परंपरा सांगते.

याच औंढ्याजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. काटकोनात प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांत लेझर आणि टोकांना आरसे. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशाला जी लाट येते तिने या भुजांची लांबी प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी इतकी बदलते, ती मोजायची. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लाट टिपली. प्रकल्पाच्या जागेत असेच आत जाता येणार नाही, पण रस्त्यावर उभे राहून चार किलोमीटर म्हणजे किती, हे चालून बघता येते.

मग वसमतकडे. तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मार्चमध्ये गेलात तर शेतात हळद शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे सुरू असते. ओल्या हळदीचे वाळून किती वजन उरते, हे शेतकऱ्याला विचारून मुलाने शेकडेवारी काढावी. वसमत तालुक्यातल्याच पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक. १० जुलै २०२४ च्या सकाळी ४.५ रिश्टरच्या धक्क्याने हा जिल्हा हादरला. भूगोलाच्या पुस्तकातला भूकंप इथे आजी-आजोबांच्या आठवणीत आहे.

आणि पुढचा रस्ता नामदेवांनीच आखून ठेवला आहे. उत्तरायुष्यात ते पंजाबात गेले आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे दीर्घकाळ राहिले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन एप्रिल २०१५ मध्ये घुमानला झाले, अध्यक्ष होते सदानंद मोरे. नर्सी ते घुमान हा रस्ता दीड हजार किलोमीटरहून लांब. वाटेत लोणारचे उल्काघाती सरोवर, उज्जैनची वेधशाळा, जयपूरचे जंतरमंतर. भाषा बदलते, लिपी बदलते, पोळीची फुलका होते आणि शेवटी गुरुमुखीतला ‘नामदेव’ वाचता येतो.

एक काठी घेऊन जा…

या प्रवासात शिकवण्याजोगी एक गोष्ट सुचवतो, खर्च शून्य. उज्जैन, जयपूर आणि घुमान ही ठिकाणे हिंगोलीच्या जवळपास सरळ उत्तरेला आहेत. एक मीटर लांबीची सरळ काठी बरोबर घ्यावी, तशीच एक घरी आजोबांकडे ठेवावी. २१ मार्चच्या आसपास, जेव्हा दिवस-रात्र सारखी असते, दुपारी साडेबाराच्या सुमारास दोन्हीकडे सावली सर्वांत आखूड होईपर्यंत मोजत राहायचे आणि फोनवर आकडे सांगायचे. हिंगोलीत सावली सुमारे ३६ सेंटिमीटर भरेल. त्याच दिवशी मूल जयपूरला असेल तर ५१, घुमानला असेल तर ६२.

या आकड्यांवरून कोन काढला की हिंगोली आणि घुमानमध्ये सुमारे १२ अंशांचा फरक निघतो. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. गुणाकार केला की सव्वातेराशेच्या वर किलोमीटर येतात. मग मुलगी नक्कीच विचारते, गाडीच्या मीटरवर जास्त का दिसतात? तिथून रस्ता आणि सरळ रेषा, नकाशा आणि गोल पृथ्वी असा धडा पुढे जातो. हिंगोलीत वर्षातून दोनदा, मे आणि जुलैमध्ये, भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. उज्जैनजवळून जाणारे कर्कवृत्त ओलांडले की असा दिवस कधीच येत नाही.

अशी मोजमापे, वही आणि नंतर त्यावर बोलणे नसेल तर तो प्रवास नुसती सहल होतो. सहलही वाईट नाही, पण तिला अभ्यासक्रम म्हणू नये. दिवसाला चारशे किलोमीटर गाडी हाणून मुले शिकत नाहीत, झोपतात. एका गावी तीन-चार दिवस मुक्काम हवा. आणखी एक अडचण असते ती सोबत्यांची. महिनोन् महिने फक्त आई-वडिलांबरोबर राहिलेल्या मुलाला भांडायला, रुसायला आणि समेट करायला समवयस्क मिळत नाहीत. शाळा हे काम फार नकळत करते.

त्यासाठी शाळा सोडायलाच हवी असेही नाही. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी मिळून दोन महिने सहज होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवसही सुचवले आहेत. औंढा, वसमत आणि नर्सी एवढ्यात आरामात होते, तेही एसटीने.

आणि त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या मुलांचे काय?

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलालाही जग दिसते. जिल्हे, नद्या, कारखाने, वजनकाटे, सगळे. पण त्याला वही धरून बसवणारे कोणी नसते. आई-वडील पहाटे फडात असतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळणे हे त्याचे काम ठरते. मार्च-एप्रिलमध्ये ते परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. घरशिक्षण घेणारे मूल महिनाभर गैरहजर राहिले तर आई-वडिलांनी निवडलेले असते. या मुलाच्या बाबतीत निवड उचलीने, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेने, आधीच केलेली असते.

यासाठी शासनाच्या दोन सोयी आहेत आणि गावात त्या माहीत असायला हव्यात. पहिली, हंगामी वसतिगृह. आई-वडील बाहेर असताना मूल गावातच राहते, जेवणाची सोय होते, शाळा तुटत नाही. ते सुरू व्हायला स्थलांतराआधीच मुलांची यादी तयार असावी लागते. म्हणून दिवाळीनंतर नव्हे, दसऱ्याच्या आधीच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढायला हवा. दुसरी सोय, शिक्षण हमी कार्ड. मूल बरोबर जाणारच असेल तर गावच्या मुख्याध्यापकांनी हे कार्ड द्यायचे. त्यावर मुलाची इयत्ता आणि त्याला काय येते याची नोंद असते. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवले की दाखल्याशिवाय वर्गात बसता येते आणि परत येताना तिथल्या शाळेने त्यावर नोंद करून द्यायची.

कार्ड मागावे लागते, आपोआप मिळेलच असे नाही. टोळीचा ट्रक बहुतेकदा रात्री निघतो आणि शाळा सकाळी उघडते. त्यामुळे मुकादमाची तारीख कळली की त्याच दिवशी शाळेत जाऊन ते घ्यावे. आई-वडिलांना सवड नसेल तर गावातल्या कोणीही त्यांच्यासोबत मुख्याध्यापकांकडे जावे.